इंजेक्शन स्वस्त होतंय, पण कशामुळे? औषध कंपन्यांचं ज्ञान आणि आपण

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या मेडिकलवर अम्मीची औषधं घ्यायला उभी होते. माझ्यापुढे ओळखीचे एक चाचा होते. वीस वर्षांपासून शुगर आहे त्यांना. काउंटरवरच्या पोराला ते विचारत होते, "बेटा, ते आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मार्चपासून स्वस्त होणार म्हणे, खरं का?" पोरगा हसत म्हणाला, "हो चाचा, कंपनीला आपली दया आली असेल."

दोघंही हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण किंमत उतरते आहे हे खरं आहे, आणि ती का उतरते आहे हे समजून घेतलं तर आपल्या स्वयंपाकघरातल्या औषधांच्या डब्यापासून मुलांच्या करिअरपर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी थोडी माहिती. त्या औषधाचं नाव सेमाग्लुटाइड. डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क ही कंपनी ते बनवते. मधुमेहासाठी ते ओझेम्पिक नावाने मिळतं, वजन कमी करण्यासाठी वेगोव्ही नावाने. अमेरिकेत ओझेम्पिकला डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे, जिथे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, ते डिसेंबर २०२५ मध्ये आलं. म्हणजे तब्बल आठ वर्षांनी. त्याच औषधाची गोळी २०२२ मध्ये आली होती, पण इंजेक्शन नाही. वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च १७ हजारांच्या पुढे होता. पाच महिन्यांत कंपनीने किमती ३७ टक्क्यांपर्यंत कमी केल्या. ओझेम्पिकचा सगळ्यात छोटा डोस तर आठवड्याला २,२०० रुपयांनाच बाजारात उतरवला.

आणि आता मुख्य तारीख ऐका. या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत २० मार्च २०२६ पर्यंतची. डॉ. रेड्डीज, सन फार्मा, झायडस अशा आपल्या कंपन्या त्या तारखेसाठी आपापलं सेमाग्लुटाइड घेऊन तयारीत होत्या.

मधली काही वर्षं या औषधाचा जगभर तुटवडा होता, कारखाने पुरे पडत नव्हते, हेही खरं आहे. त्यामुळे आठ वर्षांच्या उशिराचं सगळं खापर कंपनीच्या हिशेबी वृत्तीवर फोडता येणार नाही. पण आठ वर्षं न आलेलं औषध पेटंट संपायला तीन महिने उरले असताना येतं आणि आल्या आल्या स्वस्तही असतं, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: बहुराष्ट्रीय औषध कंपनी गोळी किंवा इंजेक्शन विकते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एक माहिती विकते, ती वस्तू कशी बनते याची. कुठल्या देशात जायचं, कधी जायचं, काय भाव लावायचा, कोणाशी हात मिळवायचा, हे सगळं ठरतं ते ही माहिती आणखी कोणाकोणाकडे आहे यावर. जोपर्यंत एकट्याकडे आहे तोपर्यंत १७ हजार. दुसऱ्याच्या हाती येणार अशी चाहूल लागली की ११ हजार, ९ हजार.

एका डॉलरचं ज्ञान

या कंपनीची सुरुवात कशी झाली ते बघण्यासारखं आहे. १९२१-२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅकलॉइड यांच्या कामातून इन्सुलिन सापडलं. त्याआधी लहान मुलाला मधुमेह झाला म्हणजे आईबापांनी फक्त दिवस मोजायचे, अशी अवस्था होती. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिला. त्याच १९२२ मध्ये डेन्मार्कचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. क्रोग टोरांटोला गेले, इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले, आणि त्यातून पुढच्या वर्षी नॉर्डिस्क ही प्रयोगशाळा उभी राहिली. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीनेही इन्सुलिनची विद्या टोरांटोकडूनच घेतली. आज वजन आणि शुगरच्या इंजेक्शनांचा जगाचा बाजार ज्या दोन कंपन्यांनी वाटून घेतलाय, त्या दोघींच्या इन्सुलिनचा पाया असा एका डॉलरच्या ज्ञानावर उभा आहे.

आणखी एक गंमत. नॉर्डिस्कमध्ये पेडरसन नावाचे दोन भाऊ कामाला होते. एक यंत्रं बनवायचा, दुसरा रसायनांचं काम बघायचा. रसायनवाल्याचं वरिष्ठांशी पटेना, त्याला काढलं, म्हणून दुसराही बाहेर पडला. दोघांनी १९२५ मध्ये स्वतःचं इन्सुलिन बाजारात आणलं आणि कंपनीला नाव दिलं नोवो. पुढची साठेक वर्षं या दोन कंपन्या एकमेकींशी भांडत राहिल्या आणि १९८९ मध्ये एक झाल्या. मालकाने दार दाखवलं, पण त्या दोन भावांच्या हातात जे बसलं होतं ते त्याला काढून घेता आलं नाही.

उर्दूत आपण दोन वेगळे शब्द वापरतो, इल्म आणि हुनर. इल्म कागदावर उतरतं, वाचून मिळतं. हुनर हाताला आणि नजरेला असतं, उस्तादाजवळ बसल्याशिवाय येत नाही. आपल्या घरातली बिर्याणीची रेसिपी कोणीही लिहून नेऊ शकतं, पण दम कधी उतरवायचा हे खालाजान वासावरून ओळखतात, ते वहीत येत नाही. मोठ्या कंपन्यांचा सगळा डाव या दोन गोष्टींवर चालतो. इल्मवर त्या पेटंट घेतात आणि हुनर आपल्या भिंतींच्या आत ठेवतात. पेटंटचा मूळ सौदाच असा आहे की तुम्ही तुमची कृती जगासमोर लिहून द्या, बदल्यात सरकार वीस वर्षं तुम्हाला एकट्याला धंदा करू देतं. वीस वर्षांनी ती सगळ्यांची. हुनराला मात्र मुदत नसते.

मुंबई सेंट्रलचे हमीद

आता आपल्याकडे येऊ. ख्वाजा अब्दुल हमीद हे नाव आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत बरेचदा घेतलं जातं, टाळ्याही पडतात. पण त्यांनी नेमकं काय केलं हे विचारलं तर उत्तर येतं, "सिप्ला काढली." अलिगढमध्ये जन्मलेले हमीद जर्मनीत जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत ही कंपनी सुरू केली. नागपाडा, मदनपुऱ्याच्या लोकांना मुंबई सेंट्रलची सिप्ला वेगळी सांगायला नको.

त्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं भारतात १९११ चा इंग्रजांचा पेटंट कायदा चालू होता. औषधावर एकदा पेटंट मिळालं की ते औषध दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने बनवायलाही बंदी. बाजारावर परदेशी कंपन्यांची पकड होती आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणी मूळ रसायन इथे बनवतच नव्हत्या. बाहेरून आणायचं, इथे गोळी पाडायची, बाटलीत भरायचं. ज्ञान त्यांच्या देशात, गिऱ्हाईक आपल्या देशात. १९६० च्या आसपास अमेरिकी सिनेटच्या एका समितीने नोंदवलं होतं की भारतातल्या काही औषधांच्या किमती जगात सगळ्यात जास्त असणाऱ्यांत आहेत. गरीब देशात जगातले महाग भाव!

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० मध्ये नवा कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. त्यात म्हटलं होतं की औषधाच्या बाबतीत पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, औषधावर नाही. म्हणजे बिर्याणीवर कोणाचा हक्क नाही, फक्त तुमच्या पद्धतीवर आहे. दुसऱ्याने दुसऱ्या वाटेने तीच बिर्याणी केली तर करू द्या. इथून खेळ बदलला. ख्वाजांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्रात पीएच.डी. करून १९६० मध्ये सिप्लात आलेच होते. त्यांच्यासारख्या शेकडो भारतीय केमिस्टांना हेच काम जमत होतं, त्याच औषधाकडे जाणारी दुसरी वाट शोधणं. वीस-तीस वर्षांत बाजार उलटा झाला. परदेशी कंपन्यांचा वाटा जो दोन तृतीयांशाच्या आसपास होता तो घसरत गेला आणि भाव जगात सगळ्यात कमी असणाऱ्यांत आले. नवी औषधं भारतात आणायला परदेशी कंपन्या मग कचरू लागल्या, हेही नमूद करायला हवं. ज्ञान लीक होईल अशी भीती वाटली की कंपनी तिथे पाऊल ठेवत नाही.

या सगळ्याचं फळ जगाला दिसलं ते २००१ मध्ये. आफ्रिकेत एड्सने गावंच्या गावं रिकामी होत होती. तीन औषधं एकत्र घेतली तर माणूस जगत होता, पण वर्षाचा खर्च होता १० ते १५ हजार डॉलर. त्या तिन्ही औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, त्यामुळे तिन्ही मिळून एक गोळी करायला कोणी तयार नव्हतं. रोग्याने मूठभर गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या. भारतात औषधावर पेटंटच नसल्याने युसुफ हमीदांना ती अडचण नव्हती. सिप्लाने तिन्ही औषधं एका गोळीत बसवली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरमध्ये ती डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला देऊ केली. त्याच्या काही महिने आधी ब्रुसेल्सच्या बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मला किमतीपेक्षा मोठी वाटते: ज्या सरकारला ही औषधं स्वतः बनवायची असतील त्याला तंत्रज्ञान आम्ही मोफत देऊ. गोळीसोबत ती बनवायची विद्याही.

परिणाम काय झाला? तेव्हा ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचलं होतं, स्वस्त औषध आणण्याच्या कायद्याविरुद्ध. एप्रिल २००१ मध्ये जगभरातून टीका झाल्यावर त्यांनी खटला मागे घेतला. एड्सच्या औषधांचे भाव कोसळले. जे खर्चामुळे शक्य नाही असं सांगितलं जात होतं, ते तिसऱ्याने करून दाखवल्यावर शक्य झालं.

कंपन्याही शिकतात

मोठी कंपनी एकदा मार खाल्ला की दुसऱ्यांदा तीच चूक करत नाही. भारत जागतिक व्यापार संघटनेत होताच. त्या करारामुळे २००५ पासून आपल्याला औषधावरचं पेटंट पुन्हा मान्य करावं लागलं. पण आपल्या संसदेने कायद्यात एक कलम घातलं, ३(ड). जुन्याच औषधाचं रूप किरकोळ बदलून नवं पेटंट मागाल तर आधी दाखवा की रोग्याला त्याने जास्त गुण येतो. स्वित्झर्लंडच्या नोवार्टिसने ब्लड कॅन्सरच्या ग्लिवेक या औषधासाठी असंच पेटंट मागितलं. महिन्याला लाखाच्या वर खर्च होता, भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आत मिळत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला कंपनी हरली.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१२ मध्ये, सरकारने बायरच्या कॅन्सरच्या एका औषधावर पहिला सक्तीचा परवाना दिला होता. २ लाख ८० हजारांचं महिन्याचं औषध हैदराबादच्या नॅटको कंपनीने ८,८८० रुपयांत देऊ केलं.

यानंतर अमेरिकेच्या गिलियड कंपनीने काय केलं बघा. हिपॅटायटिस सी बरा करणारं तिचं औषध अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर, पूर्ण कोर्स ८४ हजार डॉलर अशा भावाने विकलं जात होतं. भारतात भांडत बसण्याऐवजी कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये सात भारतीय कंपन्यांना बोलावून स्वतःच परवाने दिले. त्यात सिप्लाही होती. तंत्रज्ञान घ्या, बनवा, आम्हाला रॉयल्टी द्या. फक्त सोबत ९१ देशांची यादी होती, तेवढ्याच देशांत विकायचं. चीन आणि ब्राझीलसारखे मोठे देश त्या यादीत नव्हते. वरून उदारपणा दिसतो, आणि गरीब रोग्यांना त्याचा फायदा झालाच, नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब असा की भारतीय केमिस्ट आज ना उद्या हे बनवणारच आहेत, तर ते आपल्या कागदावर सही करून बनवोत, म्हणजे माल कुठे जाईल ते आपण ठरवू. लपवता येत नसेल तर वाटा, पण नकाशा आपल्या हातात ठेवा.

ही पद्धत आता सरकारांच्या करारांतही उतरली आहे. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात जो व्यापार करार झाला, त्यात औषधं उपलब्ध करून देण्यासाठी कंपनीने स्वखुशीने दिलेला परवाना हाच बरा मार्ग, अशा आशयाचं कलम आहे. नॅटकोला मिळाला तसा सक्तीचा परवाना कायद्यात अजून आहे. पण सरकारने स्वतःच असं लिहून दिल्यावर तो वापरायचं धाडस उद्या कोण करेल, हा प्रश्न औषधांसाठी लढणाऱ्या संघटना विचारत आहेत, आणि तो रास्त आहे.

हुनर कोण देतं?

कोरोनात इल्म आणि हुनर यांतला फरक सगळ्या जगाने पाहिला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाच्या लसीचं तंत्रज्ञान मिळालं, शिकवायला माणसं मिळाली, आणि कोविशिल्ड तयार झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात तीच टोचली गेली. दुसरीकडे अमेरिकेच्या मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की महामारी असेपर्यंत आम्ही पेटंटवरून कोणाला कोर्टात नेणार नाही. ऐकायला फार छान. पण लस कशी बनवायची हे शिकवायला कंपनी तयार झाली नाही. केपटाऊनच्या शास्त्रज्ञांनी छापील माहितीवरून चाचपडत तशी लस प्रयोगशाळेत बनवली, तोवर २०२२ उजाडलं. कुलूप उघडं ठेवलं, पण दरवाजा कुठे आहे ते सांगितलं नाही, अशातला प्रकार.

सेमाग्लुटाइडचंही हेच आहे. ही क्रोसिनसारखी साधी गोळी नाही. ३१ अमिनो आम्लांची साखळी, तिला चरबीची एक शेपटी जोडलेली, ती थंड ठेवायची, नेमका डोस देणारा पेन बनवायचा. नोवो नॉर्डिस्क यीस्टपासून सुरुवात करते. आपल्या कंपन्यांनी रसायनांच्या वाटेने ती साखळी बांधायचं ठरवलं. कॅनडात तर या कंपनीने पेटंट चालू ठेवायची वार्षिक फीच भरली नाही आणि पेटंट गेलं. काहीशे डॉलरची फी! आमच्या शाळेत फी थकली तर तीन वेळा चिठ्ठी जाते, इथे अब्जावधींचा धंदा असताना राहून गेली. मोकळ्या झालेल्या त्या बाजारात डॉ. रेड्डीजला उतरायचं होतं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडाच्या औषध नियंत्रकांनी त्यांच्या अर्जावर आणखी माहिती आणि खुलासे मागितले. पेटंट नसलं तरी तुमचं औषध मूळ औषधासारखंच आहे हे सिद्ध करण्याचं ज्ञान वेगळं लागतं, ते असं.

याच ठिकाणी आपल्याला स्वतःकडेही बघायला हवं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे वीसहून जास्त लहान मुलं खोकल्याच्या सिरपने गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये विषारी रसायन निघालं. नागपूरच्या इस्पितळांनी ती मुलं पाहिली आहेत. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने खोट्या नोंदींबद्दल अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. अशी एक घटना घडली की परदेशी कंपनीचा माणूस डॉक्टरसमोर बसून म्हणतो, बघा, म्हणून आमचंच लिहा. स्वस्त औषधाच्या बाजूने बोलणाऱ्याने तपासणीच्या बाजूनेही तितक्याच मोठ्याने बोललं पाहिजे. नाहीतर युसुफ हमीदांचं नाव घ्यायचा आपल्याला हक्क नाही.

मग पेटंट संपल्यानंतरची तयारी नोवो नॉर्डिस्कने कशी केली? तिने नोव्हेंबर २०२५ मध्येच पुण्याच्या एमक्युअरशी करार केला आणि तेच वेगोव्हीचं औषध पोविझट्रा या दुसऱ्या नावाने एमक्युअरकडे दिलं. प्रतिस्पर्धी एली लिलीने ऑक्टोबरमध्ये असाच करार केला, कोणाशी? सिप्लाशी. लिलीचं मौंजारो आता सिप्ला युरपीक या नावाने विकते, मौंजारोच्याच भावात. ज्या सिप्लाने २००१ मध्ये परदेशी कंपन्यांचे भाव मोडले, ती आज एका परदेशी कंपनीचा माल तिच्याच भावात पोचवते. मला हे वाचून थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण यात पाप नाही, धंदा आहे. आणि बघण्याची गोष्ट ही की लिलीला सिप्लाकडून काय हवं होतं. औषधाचं ज्ञान तिच्याकडे होतंच. तिला हवं होतं दुसरं ज्ञान, छोट्या शहरात कोणता डॉक्टर काय लिहितो, कोणत्या तालुक्याला थंड पेटी कशी पोचते. मालेगाव, परभणी, औसा इथली माहिती. ते ज्ञान इथल्याच माणसांकडे आहे आणि त्यालाही किंमत आहे.

तिकडे नोवार्टिसने २०२२ मध्ये आपल्या व्होवेरानसारख्या जुन्या औषधांची भारतातली विक्री डॉ. रेड्डीजकडे सोपवली. पण त्याच कंपनीच्या हैदराबादच्या केंद्रात हजारो लोक जगभरच्या औषधचाचण्यांची आकडेवारी हाताळतात. अमेरिकेच्या अॅमजेननेही २०२५ मध्ये हैदराबादेत असंच मोठं केंद्र उघडलं. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं आणि हिशेबाची वही इथल्याच पोरांकडे आणली, असं हे चित्र आहे.

आमच्या शाळेत दहावीनंतर पालक विचारतात तेव्हा एकच वाट माहीत असते: डी. फार्म करा, मेडिकल टाका. वाईट नाही, काउंटरवरच्या त्या पोराचं घर त्यावरच चालतं. पण औषधाच्या धंद्यात काउंटर ही शेवटची जागा आहे. त्याच्या मागे तपासणीची प्रयोगशाळा आहे, चाचण्यांची आकडेवारी आहे, आणि पेटंटचे कागद वाचणारी माणसं आहेत. विज्ञानाची पदवी असेल तर पेटंट एजंटची सरकारी परीक्षा देता येते, हे आमच्या स्टाफरूममध्येही फार थोड्यांना ठाऊक होतं.

आणि हे कागद वाचण्याने काय होतं? क्षयरोगावरच्या बेडाक्विलीन या औषधाचं पेटंट आणखी चार वर्षं लांबावं असा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज होता. त्याला विरोध केला दोन मुलींनी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघींनाही औषधाला दाद न देणारा टीबी झाला होता आणि जुन्या विषारी औषधांनी दोघींचं ऐकणं गेलं होतं. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. गोवंडी आणि भिवंडीत टीबी म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या चार वर्षांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

पेटंट मिळण्याआधी अशी हरकत घ्यायला आपल्या कायद्याने कोणालाही परवानगी आहे, वकीलच हवा असं नाही, कंपनीच हवी असं नाही. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी त्यावर फी बसवली आणि हरकत मुळात ऐकायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. दार बंद झालेलं नाही, अरुंद झालंय.

काउंटरवरच्या त्या पोराला मी परवा पुन्हा भेटले तेव्हा हे सगळं थोडक्यात सांगितलं. दया वगैरे काही नसते बाबा, असंही म्हणाले. तो बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे मला तेव्हाच कळलं. त्याने विचारलं, "टीचर, पण कोणी अर्ज केलाय हे आपल्याला कळणार कुठून?"

पेटंट कार्यालयाचं जर्नल निघतं, दर शुक्रवारी. इंटरनेटवर आहे, मोफत आहे. त्याने मोबाईल काढून लिंक मागितली, तेवढ्यात चाचा आले, त्यांना गोळ्यांची पट्टी हवी होती.